दुसरा फुलबॅक

कोल्हापूर,
६ मे १९५६

प्रिय त्र्यंबक,

चारचौघांत मी तुला त्र्यंबकराव म्हणतो, कोर्टाच्या पायरीवर वकीलसाहेब म्हणतो. कागदावर मात्र त्र्यंबकच लिहितो. तालमीच्या हौद्यात तुझ्या टाळूवर माती चोळणारा हात माझाच होता, त्या हाताला ‘राव’ लिहायची सवय लागलेली नाही. हे पत्र मी कारकुनाकडून लिहून घेतलेलं नाही, तेव्हा अक्षर वेडंवाकडं आहे ते चालवून घे. दार लावून, सावकाश वाच. नंदिनीवहिनी चहा घेऊन आत आल्या तर कागद पालथा घाल. कप जाईल तोवर मी थांबतो. थांबायची मला सवय आहे.

मुंबईच्या गिरणीला आपल्या भागातून एक कॉलेजचा फुलबॅक हवा होता आणि तो पारखून द्यायचं काम त्यांनी माझ्याकडे दिलं होतं, हे तुला ठाऊक आहे. गिरणीत नोकरी, राहायला खोली आणि संध्याकाळी कूपरेजच्या मैदानावर खेळ. जागा एकच. तुझा नृसिंह त्या जागेकडे डोळे लावून बसला होता आणि त्याच्यापेक्षा जास्त तू बसला होतास. मागल्या आठवड्यात बोलावणं आलं ते कागलच्या पिराजीला. तो गेलासुद्धा, नृसिंह इथंच राहिला. यावर तू मला एका शब्दानं विचारलं नाहीस. महाद्वारात भेटलास, हसलास, यंदा ऊन फार आहे म्हणालास. माझ्या पाठीमागं मात्र सांगत सुटलायस की आकारामनं आपल्या दूधवाल्यांतला पोरगा घुसवला. म्हणून आधी पोरं कशी पारखली ते सांगतो. मग दुसरं सांगतो.

तीन पोरं होती. सांगलीच्या कॉलेजातला माधव दिसायला राजबिंडा. बॉल आला की असा उंच मारायचा की वर फिरणारी घार वाट सोडायची. लोक टाळ्या पिटायचे, पोरी बघायच्या, आणि तो बॉल आभाळ फिरून खाली यायचा तो थेट समोरच्यांच्या पायात. फुलबॅकची किक म्हणजे वरातीतला बाण नव्हे, नुसता वर जाऊन उजेड पाडला की झालं. ती आपल्या माणसाला पोचली पाहिजे. आणि फुलबॅक खरा बघायचा तर बॉल त्याच्यापाशी नसताना बघावा. बॉल पलीकडच्या गोलपाशी असला की हा गडी कमरेवर हात ठेवून सरबतवाल्याशी गप्पा हाणायचा. ‘लिंबू जरा जास्त पिळ की,’ असं मी स्वतः ऐकलं. मॅच चालू होती. त्या लिंबातच माधव गेला.

उरले दोघे, आणि दोघे एकाच कॉलेजचे, एकाच खोलीत राहणारे, एकाच गोलपुढं उभे राहणारे. तुझं घर पेठेत असून नृसिंह होस्टेलातल्या पिराजीच्या खोलीवरच पडलेला असतो, ते तुला कधी आवडलं नाही. पिराजी उजवा फुलबॅक, नृसिंह डावा. पिराजी हा कागलच्या गणपतरावांचा थोरला. तोडलेल्या उसाच्या रानात अनवाणी खेळून तयार झालेला. आता बूट सक्तीचे झालेत, तर पहिलं वर्षभर तो बुटात असा चालायचा जशी घाटाखालची म्हैस डांबरी रस्त्यावर आणलीय. पण शिकला. अंगानं असा दांडगा की समोरचा त्याला धडकला तर धडकणाराच खाली बसून पाणी मागतो. जागा सोडत नाही. दोष एकच, गडी मुका खेळतो. बॉल घेणार की सोडणार हे त्याच्या गोलकीपरला कळत नाही. आणि दोन फुलबॅक म्हणजे बैलजोडी. एकानं ओढताना दुसऱ्याला कळलं पाहिजे, नाहीतर जू मोडतं.

आता तुझा पोरगा. अंगकाठी तुझी, नाक तुझं, केस मागं सारायची लकबसुद्धा तुझी. पाहिल्या पाहिल्या मला तोंड फिरवावंसं वाटलं होतं, खोटं कशाला सांगू. पण माझी पारखायची रीत तुला ठाऊक आहे. पहिला हाफ मी डोळ्यांनी बघतो. दुसऱ्या हाफला गोलच्या मागं जाऊन मैदानाकडं पाठ करून बसतो आणि नुसतं ऐकतो. लोक म्हणतात आकाराम पेंगतोय. बुटाच्या टोकानं मारलेल्या बॉलचा आवाज सुकलेल्या नारळासारखा येतो, आणि पाऊल नीट बसलेल्या किकचा आवाज भरल्या पोत्यावर थाप मारल्यासारखा. भ्यालेला फुलबॅक आधी ओरडायचा थांबतो, मग मागं सरकतो. नृसिंह सबंध वेळ बोलत होता. ‘पिऱ्या, तू जा, मी हाय!’ ‘सोडलाय, घे!’ ‘उजवीकडनं येतोय, उजवीकडनं!’ तुमच्या घरात ‘आहे’ म्हणतात, मैदानावर तो ‘हाय’ म्हणतो. तेवढ्यावरच मला तो आवडायला लागला होता.

मग सेमी-फायनलला त्याच्या पायातून बॉल निसटला आणि गोल झाला. मी पाठ करूनच बसलो होतो, कान टवकारले. चुकल्यावर गड्याच्या तोंडातून पहिला शब्द काय निघतो, त्यावर मी माणूस तोलतो. लॉरीवर ड्रायव्हर ठेवतानाही तेच बघतो. बहुतेकजण शिवी घालतात, आणि ती दुसऱ्याला. तुझा पोरगा म्हणाला, ‘माझा चुकला. माझाच. चला, बॉल आणा.’ मी उठून उभा राहिलो. बाजूचा म्हणाला, काय झालं आकारामभाऊ, मुंगी चावली काय? त्र्यंबक, हा शब्द त्या पोरानं कुणाकडून उचलला असेल याचा मी पुष्कळ विचार केला. तुझ्याकडून नाही, एवढंच कळलं.

कारण मी तुझ्या शेजारी खेळलोय. बावीस वर्षांपूर्वी आपल्या पेठेच्या संघात मी उजवा, तू डावा. तू मास्तरांचा मुलगा, मी धोंडुबाईचा. आमच्या आईच्या चार म्हशी होत्या. रोज गंगावेशीत उभ्या करून गिऱ्हाइकाच्या समोर धार काढून द्यायची. भांडं किती भरलं ते बघायला लागत नाही, धारेचा आवाज बदलतो. रिकाम्या तांब्यात ती खणखणते, भरत आलं की जाड होते. कान मला तिथं मिळाले. मैदानावर मी मागं न बघता सांगायचो की तू कुठं उभा आहेस. तुझ्या धापेवरून सांगायचो. तू चुकलास की माझ्याकडं हात करायचास, पंचांनी आणि पब्लिकनं बघावं असा. मी म्हणायचो, जाऊ दे, दोस्त हाय.

मुंबईच्या कंपनीचा माणूस आला होता, आठवतं? हॅट घातलेला, सारखा रुमालानं मान पुसणारा. त्यालाही फुलबॅक हवा होता, आणि त्यालाही एकच. मिरजेच्या संघाबरोबर मॅच होती. हाफ टाइमला मी कनातीच्या मागं पाण्याच्या रांजणाशी गेलो. तांब्या बुडवला आणि कनातीच्या पल्याड तुझा आवाज ऐकला. वकिली तुझ्या गळ्यात तेव्हाच होती. आधी स्तुती केलीस. ‘आमचा आकाराम म्हणजे सोनं आहे, साहेब.’ मग आवाज उतरवलास. ‘बिचाऱ्याला डाव्या कानानं ऐकू येत नाही. मी डावीकडून खुणा करतो म्हणून निभतं. मुंबईला त्याला खुणा कोण करणार?’ शब्दन् शब्द मी ऐकला. सोनं म्हणालास तोसुद्धा.

तो माणूस कनातीतून बाहेर आला आणि मुद्दाम माझ्या डाव्या अंगाला उभा राहिला. हळू आवाजात नाव विचारलं. मला ऐकू आलं. पण कानात तुझं वाक्य भरलेलं होतं. मी नुसता बघत राहिलो. त्यानं पुन्हा विचारलं, मी पुन्हा बघत राहिलो. त्यानं माझ्या खांद्यावर थाप मारली, लहान पोराला म्हणावं तसं मोठ्यानं ‘शाब्बास!’ म्हणाला आणि गेला. तू खोटं बोललास, आणि त्याला पुरावा मी दिला. तिथं मी ‘आकाराम’ एवढं एक नाव उच्चारलं असतं तर तुझं तोंड काळं झालं असतं. पण सख्ख्या दोस्ताच्या तोंडून असं काही ऐकल्यावर माणसाला आपलं नाव चटकन आठवत नाही. तुझ्यावर अशी वेळ आलेली नाही म्हणून तुला ते कळायचं नाही.

तू मुंबईला गेलास. दोन वर्षं खेळलास, कंपनीत बसून वकिलीचं शिकलास, कोट घालून परत आलास. इकडं पेठेनं आठ दिवसांत मला बहिरा आकाराम करून टाकलं. आईनं माझ्यासाठी बघितलेल्या दोन सोयरिकी मोडल्या. तिसऱ्या ठिकाणी पोरीच्या मामानं माझ्यामागं उभं राहून टाळी वाजवली. मी वळून बघितलं तर म्हणतो, ‘पावणं, येतंय की हो थोडंफार ऐकू!’ सगळे हसले, मीही हसलो. त्या रात्री आई जेवली नाही. मरेपर्यंत ती मला डाव्या कानात तेल घालून घ्यायला सांगत होती. तिचाही विश्वास बसला होता, त्र्यंबक. चार म्हशींच्या धारा ज्या पोराला तिनं कानानं मोजायला शिकवल्या, त्या पोराविषयी.

मग मी ठरवलं, बहिरा तर बहिरा. मोटार स्टँडवर गाड्या धुवायला लागलो. माणसं माझ्या डाव्या बाजूला उभं राहून बिनघोर बोलायची. कुणाच्या गाडीचं इंजिन बसलंय, कोण गाडी स्वस्तात फुंकून टाकणार आहे, कुणाच्या भागीदाराचं बिनसलंय. मी बॉनेट पुसत ऐकायचो. इंजिनाचं दुखणंही मिस्त्रीच्या आधी मला ऐकू यायचं. पहिली बस अशी घेतली, दुसरी अशी घेतली. पुढं एसटी आली तशा बसगाड्या गेल्या. त्या जाणार हेही मी एका साहेबाच्या तोंडून आधीच ऐकलं होतं, म्हणून वेळेवर विकून लॉऱ्या घेतल्या. आज गगनबावड्याच्या घाटातनं कोकणात उतरणारा निम्मा गूळ माझ्या लॉऱ्यांतनं उतरतो. लोक म्हणतात, बरं झालं मुंबईला गेला न्हाईस, बहिरेपण फळलं तुला. म्हणोत. मला लॉऱ्याही चालल्या असत्या आणि कूपरेजही हवं होतं.

तुझ्याशी मी कधी वाकडं वागलो नाही. माझी कोर्टाची सगळी कामं तुला दिली. दिवाळीला फराळ धाडला, नृसिंहाच्या मुंजीला मांडवाचं सामान माझ्या बसच्या टपावरनं आलं. पेठ म्हणायची, दोस्ती असावी तर अशी. मला तू जवळ हवा होतास. लांबच्या माणसाचा आवाज वाऱ्यानं बदलतो, जवळच्याचा स्वच्छ येतो. आणि गंमत अशी की दहा-बारा वर्षांत तूच माझ्या उजव्या बाजूला बसायला लागलास! महत्त्वाचं बोलायचं असलं की खुर्ची उचलून उजवीकडं आणायचास. आपण पेरलेलं खोटं इतक्या मनापासून खाणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पाडव्यानंतर तुझी चिठ्ठी आली. ‘गुरुवारी दुपारी गॅरेजवर येतो, पिराजीसंबंधी दोन शब्द खाजगी बोलायचे आहेत.’ वाचली आणि मला कळलं तू काय करणार. फक्त यावेळी कुठला रोग आणणार ते कळलं नव्हतं. मी नृसिंहाला निरोप धाडला की मुंबईहून बुटांचे नवे जोड आलेत, येऊन मापाचे बघ. तो आला. त्याला पार्टिशनच्या फळ्यांमागं टायरांवर बसवलं, चार जोड पुढं ठेवले आणि सांगितलं, मी हाक मारल्याशिवाय बाहेर यायचं न्हाय. मिस्त्री आणि पोरं चहाला घालवली. मग पान लावत तुझी वाट बघत बसलो.

तू आलास, खुर्ची उजवीकडं ओढलीस. मी माझी खुर्ची फिरवली आणि डावा कान तुझ्याकडं केला. तुझ्या लक्षातही आलं नाही. आधी स्तुती झाली. ‘पिराजी म्हणजे रत्न आहे, आकाराम.’ मला हसू आवरेना. माझ्या वेळी सोनं होतं, आता रत्नावर आलास. मग आवाज उतरवलास. ‘पण त्याला फेफरं येतं रे.’ मी म्हटलं, काय? तू म्हणालास, ‘फेफरं.’ मी म्हटलं, ‘जरा मोठ्यानं सांग की, ह्या कानाला काय कळत न्हाय बघ.’ तू दाराकडं बघितलंस. ‘अरे फेफरं! फिट येते त्याला!’ मी म्हटलं, ‘कुणाला? गणपतरावाला?’ तेव्हा तू उठून उभा राहिलास आणि माझ्या कानाला तोंड लावून ओरडलास, ‘पिराजीला! होस्टेलात पडला होता, तोंडाला फेस आला होता! माझ्या नृसिंहानं स्वतः डोळ्यांनी बघितलंय!’

पोराचं नाव तू घेशील असं मला वाटलं नव्हतं. तेवढं मात्र तू माझ्या अंदाजाच्या पुढं गेलास.

मी तीनदा तुला विचारलं. त्यात एकदा जरी ‘जाऊ दे, काही नाही’ म्हणाला असतास तर मी उठून फळ्यांमागचं पोरगं मागल्या दारानं घालवून दिलं असतं. पण तसं तू म्हणणार नाहीस याची मला खात्री होती, आणि खात्री होती म्हणूनच तर त्याला बोलावलं होतं. तू लिंबू सोडा प्यालास. ‘हे आपल्या दोघांतच,’ म्हणालास. माझी पाठ थोपटलीस आणि टांग्यात बसून गेलास. टांगा वळेपर्यंत मी दारात उभं राहून हात हलवत होतो.

नृसिंह हाक न मारताच बाहेर आला. एका पायात नवा बूट, दुसरा हातात. रडला नाही. त्याच्या तोंडावर राग होता, पण तो बापावरचा की माझ्यावरचा ते कळत नव्हतं. म्हणाला, ‘काका, तुम्ही मला मुद्दाम बसवलंत.’ मी म्हटलं, व्हय. म्हणाला, ‘पिऱ्याला काही होत नाही. तीन वर्षं मी त्याच्या खोलीत झोपतोय.’ मी म्हटलं, ठाऊक हाय. म्हणाला, ‘मग बाबांना ओरडायला का लावलंत?’ तेव्हा मी त्याला कनात सांगितली, रांजण सांगितला, हॅटवाला माणूस सांगितला. त्यानं सगळं ऐकलं. सारखा माझ्या डाव्या कानाकडं बघत होता. लहानपणापासून तो त्या कानाशी ओरडून बोलत आलेला. तूच शिकवलं होतंस त्याला, आकारामकाकांशी मोठ्यानं बोलावं.

मग त्यानं विचारलं, ‘तुम्ही कुणाचं नाव ठरवलं होतं?’ आता नीट वाच, त्र्यंबक. गिरणीला जायचं पाकीट तू आलास तेव्हा टेबलावर चिकटवून तयार होतं. तू सोड्याचा पेला त्याच्यावरच ठेवला होतास, पेल्याचं ओलं वर्तुळ त्याच्यावर उमटलं होतं. आत नाव होतं नृसिंहाचं. पिराजीपेक्षा तो तसूभर चांगला, आणि तसूभर म्हणजे पुष्कळ. तू त्या गुरुवारी घरी दुपारचा झोपला असतास तर आज तुझा मुलगा मुंबईत असता. मी पाकीट पोराच्या हातात दिलं. त्यानं फोडलं, आपलं नाव वाचलं आणि मला विचारलं, ‘मग बाबांनी हे का केलं?’ ते उत्तर तर मी बावीस वर्षं शोधतोय. तुझ्याकडं असलं तर त्याला दे.

कागद त्यानं चार वेळा फाडला आणि तुकडे डिझेलच्या डब्यात टाकले. म्हणाला, ‘पिऱ्याचं नाव घाला. मी गेलो तर बाबा म्हणतील त्यांच्यामुळं गेलो.’ मी समजूत घातली नाही. एक शब्द बोललो असतो तर कदाचित थांबला असता. पिराजीचं नाव त्याच संध्याकाळच्या टपालानं गेलं, आणि मला कित्येक वर्षांत लागली नव्हती अशी झोप लागली. तू मला पश्चात्ताप झाला का विचारशील, तर नाही. एकच गोष्ट टोचते. पारखायला बसलो आणि दुसऱ्या नंबरचा फुलबॅक पाठवला. धंद्यात असं मी कधी केलेलं नाही.

पोरगा घरात तुझ्याशी बोलत नाही, ताटावर मान खाली घालून जेवतो आणि उठतो, हे मला वहिनींकडून कळलं. परीक्षेचा ताण आहे असं तू त्यांना सांगितलंस म्हणे. परीक्षा संपून महिना झाला.

आता पत्र कशासाठी लिहिलं ते. काल गिरणीची तार आली. त्यांचा डावा फुलबॅक रेल्वेनं पळवला. पिराजी त्यांना पसंत आहे, पण मुका खेळतो म्हणतात, त्याच्या जोडीचा कुणी असेल तर गुरुवारपर्यंत नाव कळवा. नृसिंहाला मी तार दाखवली. त्याचं तोंड उजळलं ते मी पाहिलं, आणि लगेच विझलं तेही पाहिलं. जाईन म्हणतो, पण एक अट घालतो. तू जे माझ्या कानात ओरडलास तेच तू तुझ्या एका कागलच्या पक्षकारालाही सांगितलंस, आणि ते गावभर झालंय. पेठ वडगावच्या मंडळींनी पिराजीची ठरलेली सोयरीक थांबवली आहे. तर तू कागलला गणपतरावांच्या घरी जायचं, आणि चार माणसांत सांगायचं की ते खोटं होतं, मी रचलं होतं. हे मागणं पोराचं आहे. माझं असतं तर मी तुला फायनलच्या दिवशी मैदानाच्या मधोमध उभा केला असता आणि हातात भोंगा दिला असता. पोरानं तुला स्वस्तात सोडलं. माझ्यासाठी तू कुणाला काही सांगायला नको. माझं मी त्या गुरुवारीच वसूल केलं, तुझ्या तोंडूनच, मोठ्या आवाजात. हे पत्र ड्रायव्हर आजच तुझ्या हातात देईल, आणि उद्या सकाळी आठला माझी जीप तुझ्या दारात येईल. वडगावच्या मंडळींनाही गणपतरावांनी बोलावलंय, भाकरी तिथंच आहे. तू निघाला नाहीस तर ड्रायव्हर भोंगा वाजवणार नाही, गाडी परत फिरवेल आणि तारेचं उत्तर मी कोरं पाठवीन. निघालास तर पुढच्या बाजूला बस. मागं नृसिंह असेल. त्याला मी विचारलं, वाटेत बाबांशी बोलशील काय? म्हणाला, ‘जाताना नाही. येताना बघू.’

तुझाच,
आकाराम